पाय पाहून अंथरूण

गादीकाकूंच्या जिभेला हाड नाही, असं अख्खी गल्ली म्हणायची. हे काकूंच्या कानावर आलं की त्या म्हणत, "नसू दे. असतं तर एवढं बोलून केव्हाच मोडलं असतं."

त्यांचं दुकान गल्लीच्या कोपऱ्यावर. पुढे गाद्या भरायची खोली, तिच्यामागे कापसाची कोठी, कोठीला लागून काकूंचं स्वयंपाकघर आणि झोपायची खोली. मागच्या जिन्याने वर गेलं की रस्त्याकडे तोंड करून दोन खोल्या. सासऱ्यांनी दुकान घातलं, नवऱ्याने चालवलं. नवरा गेला तेव्हा दीर म्हणाले, "वहिनी, विकून टाका. बाईमाणसाला कापूस झेपायचा नाही." काकूंनी दुसऱ्या दिवशी तोंडाला फडकं बांधलं आणि कापूस पिंजायला बसल्या. त्याला आता तेरा वर्षं झाली. दीर अजून अधूनमधून गादी भरून घ्यायला येतात.

रोज सकाळी दुकानाचं दार उघडायच्या आधी काकू देवापुढे दोन मिनिटं उभ्या राहत. त्यांची भक्ती खरी, पण तऱ्हा वेगळी. इतर बायका मागणं मागतात, काकू जाब विचारत. "काल त्या लेकुरवाळीला पाच तास रेशनच्या रांगेत का उभं केलंस?" असं. देवही बहुधा त्यांना वचकून असावा, कारण कामाला कधी खंड पडला नाही.

जुनी गादी उसवायला आली की काकू आधी तिच्यावरून तळहात फिरवत. कोण कुठल्या कुशीवर झोपतं, कोणाची कंबर दुखते, कोण आजारपणात महिनाभर पडून होतं, सगळं त्यांना हाताला कळे. दोन्ही कडा दबलेल्या आणि मधला कापूस टम्म फुगलेला दिसला की त्या गिऱ्हाइकाला सरळ विचारत, "अबोला कधीपासून?" नवरा-बायको दोघंही लाजून दुसरीकडे बघत. "माणूस खोटं बोलेल, गादी बोलणार नाही," हे काकूंचं वाक्य गल्लीत पोराटोरांनाही पाठ होतं.

सीमेपलीकडे तिथल्याच माणसांनी तिथल्याच माणसांवर बंदुका रोखल्या, त्याला तेव्हा दोन वर्षं होत आली होती. आधी बातम्या आल्या, मग ट्रक भरून माणसं आली. त्यांना बंद पडलेल्या शाळेत उतरवलं. नगर कार्यालयाने काकूंकडे तीस गाद्या मागितल्या, त्याही आठवड्याच्या आत. काकूंनी रात्रीचा दिवस केला आणि गाद्या स्वतः पोचवायला गेल्या.

शाळेच्या मोठ्या वर्गात त्या गाद्या टाकत होत्या. कोपऱ्यातली एक म्हातारी उठली. पायात पुरुषी बूट, डोक्याला घट्ट रुमाल. तिने गादी उलटी केली, शिवणीवरून नख फिरवलं, कोपरा चिमटीत धरून ओढला आणि आपल्या भाषेत काहीतरी बोलली. शेजारचा दुभाषा खुदकन हसला.

"काय म्हणते?"

"जाऊ द्या, काकू."

"जाऊ कसं द्या? माझ्या गादीला हात लावून बोलली ती."

"म्हणते, कोपऱ्याचे टाके ढिले आहेत. पावसाळ्याआधी कापूस बाहेर येईल."

काकूंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "वा गं वा! अंगावरच्या कपड्यानिशी आलीस आणि माझ्या टाक्यांना नावं ठेवतेस? म्हणावं, येतं का तिला?"

दुभाष्याने विचारलं. म्हातारीने नुसता हात पुढे केला. काकूंनी कमरेला खोचलेलं दाभण तिच्या हातावर ठेवलं. म्हातारीने कोपरा आत दुमडला, दोरा दोनदा फिरवून गाठ मारली, आणि दाभण परत दिलं. काकूंनी कोपरा ओढून पाहिला. तो तसूभर हलला नाही.

तेवढ्यावर त्या परत निघाल्या असत्या. पण म्हातारीच्या शेजारी तिची सून होती आणि सुनेच्या मांडीवर सात वर्षांची नात. नातीच्या पायातही बूट, तेही आत, गादीवर. काकूंनी दुभाष्याला विचारलं, "यांचं पुढे काय?"

त्याने सांगितलं ते असं. गावातल्या कोणी सही करून खोली दिली, तर त्या पत्त्यावर कुटुंबाची नोंद होणार. नोंद सहा महिने टिकली की पोरीला शाळा आणि मोठ्यांना कामाचा परवाना. सही मिळाली नाही किंवा मधेच नोंद तुटली, तर सीमेलगतच्या तंबूंत रवानगी. तिथून तोफांचा आवाज येतो म्हणे.

"महिनाअखेरपर्यंत मुदत आहे," दुभाषा म्हणाला. "या तिघींना कोणी विचारलेलं नाही. घरात पुरुष नाही ना."

"माझ्याही घरात नाही," काकू म्हणाल्या. "कुठंय तो कागद?"

गल्लीत बातमी काकूंच्या आधी पोचली. गल्लीचा सेक्रेटरी दुकानाच्या पायरीवर उभाच होता. हा निवृत्त कारकून. नोकरी संपल्यावर सही कुठे करायची हा प्रश्न पडला, म्हणून त्याने गल्लीची कमिटी काढली आणि आपणच तिचा सेक्रेटरी झाला.

"काकू, हे घर आहे की धर्मशाळा?"

"धर्मशाळाच. देवाने मलाही तात्पुरतंच ठेवलंय इथं."

"थट्टा नको. कोण कुठली माणसं! तुमचं वय काय, तुमचं घर केवढं! अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात."

"ते अंथरूण विकत घेणाऱ्यांसाठी हो," काकू म्हणाल्या. "मी करणारी आहे. मी पाय पाहून अंथरूण करते. सरका, दारातून गाडी आत घ्यायचीय."

वरच्या दोन खोल्या त्यांनी झाडून-पुसून घेतल्या आणि तीन नव्या गाद्या भरल्या, जन्मात भरल्या नसतील अशा. निवडक कापूस, दोनदा पिंजलेला, खोळीला निळ्या पट्ट्यांचं जाड कापड. खिडकीला लागून पोरीची, म्हणजे उठल्या उठल्या तिला रस्ता दिसेल. मनातून त्यांना म्हातारीच्या तोंडून एक शब्द हवा होता. म्हातारीने तिन्ही गाद्यांचे कोपरे ओढून पाहिले आणि मान हलवली. काकू खाली आल्या त्या गुणगुणतच.

सून हळूहळू इथली भाषा तोडकीमोडकी बोलू लागली. दुकानात बसून खोळी शिवू लागली. पोर गल्लीत उड्या मारू लागली. म्हातारी दिवसभर दाभण घेऊन काकूंच्या समोर बसे. दोघींना एकमेकींचं अक्षरही कळत नसे, पण भांडण अगदी रंगात येई. काकू टाका घालत, म्हातारी जीभ टाळ्याला लावून "च्च" करी, काकू तो उसवून पुन्हा घालत.

"म्हातारे, तू माझी सासू असतीस ना, तर मी पहिल्याच महिन्यात वेगळं बिऱ्हाड केलं असतं," काकू म्हणत. सून भाषांतर करायची नाही, नुसती हसायची.

एकच गोष्ट काकूंना कळेना. कोठीतल्या भिंतीकडच्या पोत्यांतला कापूस अलीकडे नीट पिंजला जात नव्हता. गोळे निघत. त्यांनी कापूसवाल्याला गाठलं. "ओला माल माझ्या घशात घालतोस काय रे?" तो बिचारा आईची शपथ घेऊन मोकळा झाला. काकूंचा विश्वास बसला नाही तो नाहीच.

दोन महिने झाले असतील. एका मंगळवारी सकाळी कार्यालयातल्या तपासणीबाई न सांगता आल्या. हातात फॉर्म, खांद्याला पिशवी, चेहऱ्यावर सकाळपासून दहा जिने चढल्याचा शीण. मागे सेक्रेटरी.

"तक्रार आहे," बाई म्हणाल्या. "या पत्त्यावर नोंदलेलं कुटुंब इथे राहत नाही. वरच्या खोल्यांत दिवा लागत नाही, खिडकी कधी उघडत नाही. माणसं रात्री कुठे असतात, कोणाला ठाऊक नाही."

"कोणाला ठाऊक नाही म्हणजे यांनाच ठाऊक नाही," काकू सेक्रेटरीकडे बोट करून म्हणाल्या. "चला वर. डोळ्यांनी बघा."

वरची खोली लख्ख होती. तीन गाद्या ओळीने, चादरी ताणून घातलेल्या, सुरकुती नाही. काकू कौतुकाने म्हणाल्या, "बघा, किती टापटीप." म्हणता म्हणता सवयीने त्यांनी पोरीच्या गादीवरून तळहात फिरवला.

आणि त्यांचा हात थांबला.

गादी कोरी होती. कुठे दाब नाही, खळगा नाही, कूस नाही. त्यांनी दुसरी पाहिली, तिसरी पाहिली. भरून आणली त्या दिवशी होती तशी. दोन महिन्यांत या गाद्यांवर कोणी पाठ टेकली नव्हती.

बाईंनी काकूंचा चेहरा पाहिला. सेक्रेटरीनेही पाहिला. "का हो काकू," तो गोड आवाजात म्हणाला, "माणूस खोटं बोलेल, पण काय बोलणार नाही म्हणता तुम्ही?"

काकूंनी तिसऱ्या गादीवरची चादर पुन्हा ताणून घातली.

बाईंनीही एक गादी दाबून पाहिली आणि फॉर्मवर लिहिलं: 'पत्त्यावर वास्तव्य आढळले नाही.' शनिवारी कार्यालयात सुनावणी. म्हणणं मांडता आलं नाही तर नोंद रद्द आणि सोमवारच्या ट्रकने रवानगी.

ते गेल्यावर काकूंनी सुनेला समोर बसवलं. "माझी गादी टोचते का गं?"

सुनेने मान खाली घातली.

"मग झोपता कुठे? बाहेर जाता? अगं, मी सही केलीय तुमच्यासाठी. मला तरी सांग."

सून उठून गेली. म्हातारी दाराशी उभी होती, तिनेही तोंड फिरवलं. काकूंना रागाने रडू आलं. बुधवारी सकाळी त्या देवापुढे उभ्या राहिल्या त्या पाच मिनिटं. "मी दार उघडलं, तुझ्या भरवशावर. आता माझ्याच हाताने मला खोटं पाडलंस. बरं केलंस का हे?" देव काही बोलला नाही. म्हणून काकू कामाला लागल्या, कारण दुसरं काही येत नव्हतं.

कापूस काढायला त्या कोठीत गेल्या. कोठीला खिडकी नाही, छताजवळ एक झरोका तेवढा. चारही बाजूंनी जाड भिंती, छतापर्यंत रचलेली पोती, आणि आत कापसामुळे अशी शांतता की स्वतःचा श्वास ऐकू यावा. भिंतीकडच्या पोत्यांना त्यांनी हात घातला. तीच ती, गोळे निघणारी. ओढणार तोच तळहात आपोआप पोत्यावरून फिरला.

काकूंनी तो तिथेच पुन्हा दाबून पाहिला. मग दिवा घेऊन आल्या आणि गुडघ्यांवर बसून गादी वाचावी तशी त्यांनी ती पोती वाचली. तीन खळगे. मधला लहान. बाजूचे दोन मोठे, आणि दोन्ही आतल्या बाजूला कललेले. डोकी भिंतीकडे, पाय दाराकडे. रात्रभर कोणी कूस बदललेली नाही. आणि पायथ्याला तागावर काळसर डाग, सहा. बुटांच्या टाचांचे.

त्यांनी सुनेला हाक मारली. सून आली, दिव्याच्या उजेडात ती पोती पाहिली, आणि तिचा चेहरा पडला.

"काकू, माफ करा," ती तुटक तुटक म्हणाली. "वरची गादी चांगली. खूप चांगली. पण खिडकी आहे. आमच्याकडे... खिडकीखाली झोपलेली माणसं सकाळी उठली नाहीत. माझा नवरा. दिवा दिसला की ते त्यावरच मारायचे. आणि बूट पायातच. कधीही पळावं लागायचं." थोडी थांबली. "तुम्ही झोपलात की खाली यायचो. तुम्ही उठायच्या आधी वर. चादर रोज नीट करायचो. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून."

"मला वाईट वाटू नये म्हणून!" काकू म्हणाल्या. "अगं, त्या चादरीनेच तर घात केला." मग त्यांनी पदराने नाक पुसलं, त्या उठल्या. "आणि मी त्या कापूसवाल्याला चोर म्हटलं. त्याचेही पाय धरायला हवेत आता. पोरी, सासूला बोलाव. दाभण घेऊन ये म्हणावं."

"तिथे सगळं सांगायला लागेल मला? नवऱ्याचं?" सुनेने विचारलं.

"एक अक्षर नाही. तुम्ही कोणापुढे रडायचं नाही. पुरावा माझा आहे, मी मांडीन."

पोतं हललं की कापूस हलणार आणि खळगे बुजणार, हे काकू आणि म्हातारी दोघींनाही कळत होतं. गादीला टाके घालतात ते कापूस जागचा सरकू नये म्हणूनच. तसेच त्यांनी घातले. पोती एकमेकांना जोडली आणि प्रत्येक खळग्याच्या कडेने, आरपार, जवळ जवळ टाके घेतले. काकू एका बाजूने, म्हातारी दुसऱ्या. दोन दिवस लागले. "च्च" एकदाच झालं, आणि तेही म्हातारीने स्वतःच्याच टाक्याला केलं.

शनिवारी ते धूड हातगाडीवर चढवून काकू भर गल्लीतून निघाल्या. सून गाडी ढकलत, म्हातारी एका बाजूने हात लावून, पोर पुढे. दारादारांतून माणसं बघत होती. किराणावाला म्हणाला, "काकू, हे काय? कोणाची गादी?"

"तुमच्या सेक्रेटरीचं तोंड बंद करायची उशी," काकू न थांबता म्हणाल्या.

कार्यालयात तपासणीबाईंच्या टेबलासमोर जागा करून त्यांनी ती पोती अंथरली. सेक्रेटरी हसायला लागला. "कापसाची पोती पुरावा म्हणून? उद्या उशीला साक्षीला आणाल!"

"आणते की. तुमची आणू? दर दोन वर्षांनी मीच भरते. बोलायला लावू तिला?"

सेक्रेटरी खिशात काहीतरी शोधू लागला.

"बाई," काकू तपासणीबाईंना म्हणाल्या, "वरच्या गाद्या कोऱ्या आहेत, तुम्ही बरोबर लिहिलंत. मीच हात लावून पाहिल्या. ही माणसं माझ्याच घरात झोपतात, कापसाच्या कोठीत, भिंतीला लागून. ही मोठी बाई, ही दुसरी, हे मधे लेकरू. का झोपतात ते विचारू नका. लढाईतून आलेल्या माणसाला खिडकी का नको वाटते, हे समजायला फॉर्म लागत नाही."

बाई टेबलामागून उठल्या. वाकून त्यांनी खळग्यांत हात घातला, टाचांचे डाग पाहिले. "हे कोणीही दाबून करू शकतं," त्या म्हणाल्या, पण आवाजात जोर नव्हता.

काकू उत्तर देणार तोच पोर पुढे झाली. तिला कोणी सांगितलं नव्हतं. उभं राहून कंटाळली होती, आणि समोर तिची ओळखीची जागा होती. ती बूट घालूनच मधल्या खळग्यात आडवी झाली. डोकं कोठीत भिंतीकडे असायचं त्या टोकाला, पाय पायथ्याला. खांद्यापासून टाचेपर्यंत कुठे बोटभर फट राहिली नाही. टाचा डागांवर बसल्या. तिने दोन्ही हात दोन्ही बाजूंना, आई आणि आजी जिथे असायच्या तिथे टाकले, आणि डोळे मिटून घेतले.

बाई टेबलाशी परत गेल्या आणि त्यांनी फॉर्म पुढे ओढला.

मग सेक्रेटरीने घसा खाकरला. "तरीही नियम आहे. नोंद वरच्या खोल्यांची. कोठी राहायची खोली नाही, तिला खिडकी नाही. नियम म्हणजे नियम."

"नियमात खिडकी आहे की हवा आहे?" काकूंनी विचारलं.

बाईंनी नियम काढून वाचला. "हवा खेळती राहील असे एक तरी उघडे स्थान."

"मग चला. सासऱ्यांनी कोठीला छताजवळ झरोका ठेवलाय, कापूस घुसमटू नये म्हणून. कापसाला पुरतो तो माणसालाही पुरेल. वरच्या खोल्यांत मी झोपते, कापूसही वर चढवते. माझं राहणं वर लिहा, यांचं खाली. माणसं तीच, छप्पर तेच, फक्त जिना उलटा."

बाई त्याच दुपारी आल्या. स्टुलावर चढून त्यांनी झरोका मोजला, त्यावर हात धरून वारा लागतो का पाहिलं. खाली उतरून नवा फॉर्म भरला. एका रकान्यावर पेन थांबलं.

"मुदत? किती काळ ठेवणार, ते तुमच्या हाताने लिहावं लागतं."

काकूंनी पेन घेतलं आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'देवाने मला ठेवलं आहे तितका.'

"असं चालत नाही हो," बाई म्हणाल्या.

"खोडून दाखवा."

बाईंनी खोडलं नाही. शेजारी बारीक अक्षरात 'सहा महिने, पुढे फेरतपासणी' असं लिहून शिक्का मारला. दोन्ही वाक्यं त्या कागदावर अजून शेजारी शेजारी आहेत.

आता काकू वर खिडकीशी झोपतात. दिवेलागणीला त्या खिडकी सताड उघडतात, दिवा लावतात, आणि सेक्रेटरी फेरीला निघालेला दिसला की वरून ओरडतात, "राहतं हो कोणीतरी इथं! लिहून घ्या!"

वरच्या तिन्ही गाद्या खाली आणून कोठीच्या मापाने कापल्या आणि एकीला एक जोडून शिवल्या. नोंद टिकली, पोर शाळेत जाऊ लागली. मधे एकदा काकूंनी त्या गादीवरून हात फिरवला. मधल्या खळग्याची कूस आता बदलते आहे. पोरीचे आणि सुनेचे बूट कोठीच्या दाराबाहेर असतात.

म्हातारी मात्र अजून बूट घालूनच झोपते. सुनेला त्याची लाज वाटते, इतक्या चांगल्या गादीवर! ती एकदा सासूला रागावली तेव्हा काकूंनीच तिला गप्प केलं. त्यांनी सगळ्यांत जाड कापड काढलं, गादीच्या पायथ्याला दुहेरी पट्टी लावली, कोपरे आत दुमडून दोरा दोनदा फिरवला, आणि गाठ मारून म्हातारीपुढे धरली.

"घे. झोप बूट घालून, पाहिजे तितकी वर्षं. बघू आधी काय झिजतं, तुझे बूट की माझी गादी."

म्हातारीने कोपरा चिमटीत धरून ओढला. "च्च" केलं नाही.